शांताक्काच्या परसातलं अंडं

माकणीच्या शांताक्काला गावात कुणी वाईट म्हणत नसे. पहाटे सडा, मग अंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळभर विभूती आणि मग चूल, असा तिचा दिवस. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी पोर नाही, एका बैलजोडीपुरतं रान ती स्वतःच बघायची. बोलायला गोड, देण्याघेण्याला मोकळी. फक्त एकदा कुणावर डूख धरला की या बाईला विसरणं माहीत नव्हतं. वीरप्पावर तिनं तो धरला चंद्यापायी.

चंद्या तिचा कुत्रा. काळाभोर, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. शांताक्काच्या घरात माणसाच्या जेवणाला नव्हते एवढे कायदे कुत्र्याच्या जेवणाला होते. तव्यावरची शेवटची भाकर चंद्याची. ज्वारीची, बिनमिठाची, गार झाल्यावर ताकात चुरलेली. उन्हाळ्यात आंबील, थंडीत हुलग्याचं पातळ माडगं. तिखट नाही, तळलेलं नाही, आणि गोडाचं तर नावच नाही. सणाला शेजारणीनं कौतुकानं पोळीचा तुकडा टाकला तर शांताक्का तो कुत्र्याच्या तोंडातून काढून घ्यायची. “गोडानं कुत्र्याचं केस जातेत. लाड करायचा तर आपल्या पोराचा करा,” असं तोंडावर सांगायची. सात वर्षं चंद्या त्या खाण्यावर राहिला आणि सात वर्षांत तिच्या रानात डुक्कर शिरलं नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच सुमाराला गावात उमरग्याची मोटार यायला लागली, आणि मोटार थांबायची तिथं वीरप्पानं हॉटेल टाकलं. हॉटेलची मागची बाजू शांताक्काच्या परसाला लागून होती. मधे कमरेएवढा दगडी गडगा. वीरप्पाला दुकानाची फुकट राखण हवी होती. त्यानं काय करावं? रोज उरलेली, शिळी, करपट तेलातली जिलबी गडग्यावरून चंद्यापुढं टाकायला लागला. आधी शांताक्कानं नीट सांगितलं, “अण्णा, नका घालू त्याला. नासतंय ते.” वीरप्पा हसला. “अक्का, तू ताकावर ठेवतीस, म्या पाकावर ठेवतो. त्यालाच इचार कुठलं ग्वाड लागतंय ते!”

चंद्यानं ताकाची भाकर हुंगून सोडली त्या दिवशी ती भांडली. उपयोग झाला नाही. तो दिवसभर हॉटेलापुढं पडून राहायचा. चार महिन्यांत त्याच्या पाठीवरचे केस गेले, अंगभर खरूज उठली, पाय लटपटायला लागले. मग वीरप्पाला त्याची किळस आली. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून त्यानं भट्टीवरचं उकळतं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. भाजलेली पाठ घेऊन चंद्या गडगा चढून घरी आला.

तेव्हा नागूबाई धनगरीण आली होती. मेंढरांमागं जन्म गेलेली बाई, कुत्र्याचं दुखणं लांबून ओळखायची. तिनं पदराआडून दोन अंडी काढली. “अक्का, जखम करंजाच्या तेलानं भरंल. पण ह्याच्या अंगात काय राह्यलं न्हाय. रोज एक अंडं उकडून घाल. एखादं कच्चं हाड घाल. कुत्र्याची जात हाय ती, निस्त्या ताकावर उठायची न्हाय.”

शांताक्कानं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. “माझ्या गळ्यात लिंग हाय नागूबाई. ह्या घरात अंडं यायचं न्हाय. कुत्र्यालाबी न्हाय.”

आठव्या दिवशी, भर श्रावणात, चंद्या मेला. शांताक्कानं त्याला बांधावरच्या बाभळीखाली पुरलं आणि परत येताना हॉटेलापुढं उभी राहिली. “वीरप्पा, ह्याचं उट्टं काढल्याबिगर म्या मरायची न्हाय.” ‘अण्णा’ त्या दिवशी संपलं.

दिवाळीला वीरप्पानं सोलापुराहून विलायती कुत्रं आणलं. उभ्या कानाचं, रुंद छातीचं. नाव ठेवलं टायगर. आणि हा शहाणा काय करायचा? टायगरला शिरा, पुरणपोळी, वर तुपाची धार. सोमवारी त्याच्या कपाळाला विभूती फासून मोटारीतून उतरणाऱ्याला सांगायचा, “आमचं कुत्रंबी लिंगायत हाय!” गिऱ्हाइकं हसायची, टायगरला आणखी एक जिलबी मिळायची. गडग्याअलीकडं शांताक्का दळण निवडता निवडता हे सगळं बघायची आणि दिवस मोजायची. तिला काही करावंच लागणार नव्हतं.

झालंही तसंच. नागपंचमीच्या आसपास टायगरच्या शेपटीकडचे केस गेले. पुढं पाठ उघडी पडली, कान लोंबले. शांताक्काला इतका आनंद झाला की त्या दिवशी ती पोटभर जेवली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं वीरप्पाला ड्रायव्हरशी बोलताना ऐकलं. “ही ब्याद उमरग्याच्या अलीकडं कुठंतरी सोडून द्या हो. दुसरं आणू.”

दुसरं आणू! म्हणजे हे मरणार रस्त्याकडंला, आणि वीरप्पाच्या घशातला घाससुद्धा अडायचा नाही. शांताक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गडग्यापाशी गेली. “मोटारीत कशाला घालतोस? हिकडं टाक. माझं रान मोकळं पडलंय.” वीरप्पानं हात जोडले आणि सुटका झाली म्हणून कुत्रं दोरीसकट अलीकडं दिलं.

तिनं मनाशी पक्कं केलं होतं. याला मरू द्यायचं नाही. याला असं उभं करायचं की सगळं गाव थांबून बघेल, वीरप्पा माघारी मागायला येईल, आणि तेव्हा ते त्याच्याकडं ढुंकूनही बघणार नाही. बायामाणसं म्हणाली, शांताक्काचं मन मोठं. मन कसलं मोठं! ती रोज सकाळी त्या कुत्र्याला करंजाच्या तेलात गंधक खलून चोळायची आणि प्रत्येक हाताबरोबर दातओठ खायची. दोन दिवस टायगरनं ताकातल्या भाकरीला तोंड लावलं नाही. तिनंही दुसरं काही पुढं ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पातेलं चाटूनपुसून ठेवलं.

कातडी भरली, पण ताकद येईना. बसलं की उठताना थरथरायचं. शांताक्का नागूबाईच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, स्वतः चालत गेली. “तुझी अंडी दे.”

नागूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं टोपलीत हात घातला.

परसाच्या टोकाला, घरापासून लांब, शांताक्कानं तीन दगड मांडले. फुटक्या गाडग्यात अंडं उकडलं, दोन बोटांनी सोललं, कुत्र्यापुढं टाकलं आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मग पुन्हा विभूती, पुन्हा पूजा. असं रोज. थंडी पडली तरी रोज. कच्चं हाड नागूबाई आणून टाकायची, तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहायची. चार महिन्यांत टायगरच्या अंगावर हात बुडेल एवढे केस आले.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आपल्याकडं गावात माणूस राहत नाही. सगळे रानात, कडब्याच्या खोपीत लक्ष्मी मांडलेली, मडक्यात आंबील, पातेल्यात सगळ्या भाज्यांची भज्जी. शांताक्काचं रान गाडीवाटेला लागून. त्या वाटेनं वीरप्पाची बैलगाडी आली, गाडीत आळंदचे व्याही. बांधावर टायगर उभा. व्याही म्हणाले, “काय जनावर हाय हो! कुणाचं?”

“माझंच की!” वीरप्पा खाली उतरला. “टायगर! ये, ये!”

टायगरनं कान हलवले आणि जागेवर बसला. वीरप्पानं गाडीतल्या पुडीतून जिलबी काढून पुढं धरली. टायगरनं ती हुंगली, शिंकला, आणि शांताक्काच्या पायाशी येऊन लवंडला. आजूबाजूच्या रानातली माणसं हातातली आंबील तशीच धरून बघायला लागली. व्याही हसले. वीरप्पाचं तोंड उतरलं.

“एक डाव जा म्हण त्याला, अक्का. तू म्हणलीस तर येईल. पाव्हण्यात माझी शोभा करू नगस.”

“म्हणत न्हाय,” शांताक्का म्हणाली. या एका शब्दासाठी ती दीड वर्ष जगली होती.

“काय करणी केलीस गं माझ्या कुत्र्यावर?”

“करणी?” ती पदर खोचून पुढं झाली. तिला आता कुणाची भीड नव्हती. “ताक-भाकर घातली. तेल चोळलं. आन रोज एक अंडं घातलं, ह्या हातानं शिजवून! जा, मठात जाऊन सांग. जे तू जिलब्या घालून मारायला काढलंस, ते म्या अंड्यावर उठवून दाखवलं!”

बाया तोंडावर हात ठेवून राहिल्या. वीरप्पा काहीतरी लागट बोलणार असं सगळ्यांना वाटलं. पण तो टायगरच्या चकचकीत पाठीकडं बघत राहिला आणि साधंच विचारावं तसं त्यानं विचारलं.

“मग चंद्याला का न्हाय घातलंस?”

शांताक्कानं खोचलेला पदर सोडला. शेजारच्या रानात मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या नागूबाईनं मान खाली घातली. वीरप्पा गाडीत बसला आणि गाडी हलली.

त्या येळवशीला शांताक्का जेवली नाही. परत येताना रोजच्या वाटेनं, चंद्याच्या बाभळीवरून, आली नाही. लांबून फेरा घालून घरी आली. तिन्हीसांजेला तिनं तीन दगडांवर गाडगं ठेवलं, कारण टायगर वाट बघत होता. अंडं उकडेपर्यंत ती सवयीप्रमाणं वीरप्पाला शिव्या घालत बसली. पाणी फेकणारा, जीव घेणारा, हात झडोत त्याचे. अर्ध्यात थांबली. हातातलं गरम अंडं सोलायचं राहून गेलं. त्यातली कुठली शिवी कुणाला लागते, ते आता तिला कळत होतं.