फुकटचं टायपिंग

चाकूरला घरी बसून मी प्राध्यापकांचे प्रबंध टाइप करून देते. एका दुपारी संदर्भसूची चालू होती. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते, माउसला कुणी शिवलंही नव्हतं, आणि पडद्यावरचा बाण आपोआप सरकत गेला. माझा मेल उघडला. मी उठून वायफायचं बटणच बंद केलं.

अँटिव्हायरसनं बॅकडोअर ट्रोजन असं नाव दाखवलं, म्हणजे बाहेरच्या माणसाला चोरवाटेनं कॉम्प्युटरमध्ये घेणारा प्रोग्राम. काढून टाकला. परत तपासलं, सगळं स्वच्छ. आठवडा जात नाही तोच तो पुन्हा हजर. पुन्हा काढला, पुन्हा आला. शेवटी सीपीयू मांडीवर घेऊन बसनं लातूर गाठलं. दुकानदारानं साफ करून दिलं आणि वर मलाच सुनावलं, "मॅडम, नको त्या साइटवर जात जाऊ नका."

मी कुठंच जात नव्हते. घरी आणल्यावर काही दिवसांत तो पुन्हा आला, तेव्हा मला रडूच कोसळलं.

मग एका रविवारी चहा घेऊन खोलीत गेले, तर नवरा कॉम्प्युटरसमोर. तो शाळेत शिक्षक आहे. पेनड्राइव्ह लावलेला, आणि अँटिव्हायरस बंद.

"अहो, हे काय करून राहिले?"

"मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून राहिलो. तू साफ केलं की दर बारी उडून जातंय. पेपर कसे काढू मी?"

"पण अँटिव्हायरस का बंद केलं?"

"त्यातच लिहिलंय, आधी बंद करा, मग टाका. फुकटचं हाय. शाळेत सगळे हेच वापरतेत."

कप टेबलावर ठेवला तो जरा जोरातच. "मी काढून राहिले अन् तुम्ही घालून राहिले," एवढंच म्हणाले.

मी फक्त कामाच्या फाइली बाजूला काढल्या आणि अख्खं कॉम्प्युटर फॉरमॅट केलं. तो पेनड्राइव्हही पुसला. सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. मग सगळ्यात नको वाटणारं काम केलं. प्रत्येक प्राध्यापकाला फोन करून सांगितलं, तुमचं लिखाण कुणीतरी पाहिलं असेल. एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपला प्रबंध परत नेला. त्यांची चूक नव्हती, माझीही नव्हती. पण गेला तो गेलाच.

ट्रोजन त्यानंतर आला नाही. नवरा आता कॉम्प्युटरमध्येच असलेल्या युनिकोड मराठीत एका बोटानं टाइप करतो. ज्ञ कुठं हाय, म्हणून हाक मारतो. कधी सांगते, कधी ऐकूच आलं नाही असं दाखवते. शाळेतल्या कॉम्प्युटरवरून ते फुकटचं सॉफ्टवेअर काढा म्हणून कितीदा सांगितलं. तर म्हणतो, "चालू हाय की ते. कशाला हात लावायचा?"