पाच ठिपक्यांचा चाकू

आमच्या मामेसासऱ्यांइतक्या हक्काने दुसऱ्याच्या खिशात हात घालणारा माणूस उभ्या शिरूर तालुक्यात झालेला नाही. पाकीट, मोबाइल, तंबाखूची पुडी यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. समोरच्या गृहस्थाच्या खिशात चाकू आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं. नसला, तर तो माणूस घरातून पायजमा घालायला विसरून निघालाय अशा नजरेने ते त्याच्याकडे बघतात. असला, तर आधी काढून घेतात, उघडतात, अंगठ्याने धार बघतात आणि मग विचारतात, "बाकी घरी समदं बरं हाय ना?" माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून स्टेजवर आले, माझ्या नव्याकोऱ्या कोटाचे खिसे चाचपले आणि माइकमधून अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, "जावईबापू, रिकामंच आलाय की." फोटोग्राफरने तो क्षण टिपलाय. फोटोत मी हात वर करून उभा आहे.

घडीचे चाकू बनवणं हा मामांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. शिरूरच्या एसटी स्टँडपासून जवळच त्यांचं दुकान आहे, म्हणजे पुढे फळी आणि मागे भट्टी. खिशात मावणारा, ऊस सोलणारा, कांद्याच्या गोणीची सुतळी कापणारा, गुलाबाचे डोळे भरायची, म्हणजे कलमं बांधायची नाजूक कामं करणारा हा चाकू न्हावऱ्यापासून दौंडपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या खिशांत सापडतो. त्याच्या पात्यावर बारीक ठिपक्यांचा ठसा असतो. पणजोबांच्या चाकूवर एक ठिपका, आजोबांच्या दोन, वडिलांच्या तीन, मामांच्या चार. ठिपके मोजले की चाकू कोणाच्या हातचा ते कळतं. कुठेही जुना चाकू दिसला की मामा त्यावरचे ठिपके बघतात, आणि तो वडिलांचा निघाला तर मालकाला मिठीच मारतात. कीर्तनात, मयतीला, तहसील कचेरीच्या रांगेत, कुठेही.

चाकू मात्र ते वाटेल त्याला विकत नाहीत. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात एकदा एक बडे बागायतदार गाडीतून उतरले. सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. मामांनी त्यांच्या हातात चाकू दिला आणि म्हणाले, "मिटून दावा." बागायतदारांनी तो मांडीवर आपटून खाडकन मिटला. मामांनी चाकू परत घेतला. "उघडाया कुणालाबी येतं, आप्पा. मिटताना माणूस कळतो. तुमी घरी भाजीच्या सुरीवर भागवा." बघ्यांना वाटलं, आता मामांचं दुकान उठणार. पुढच्या बाजाराला बागायतदार चालत आले आणि बोटांच्या चिमटीत धरून चाकू असा अलगद मिटला, की मामांना आनंदाने चहा मागवावा लागला.

दौंड स्टेशनवर तर कहरच झाला. बॅगेत चाकूच चाकू बघून हवालदाराने त्यांना बाजूला घेतलं. मामांना वाटलं, गिऱ्हाईक. त्यांनी पेरू काढून त्याच्या देठापासून तळापर्यंत सलग साल उतरवून दाखवली, हवालदाराला फोड दिली आणि वर विचारलं, "साहेब, डावरं का उजवं?" शेवटी त्यांना सोडवायला मुलगा कुरकुंभहून शिफ्ट टाकून धावत आला.

हा मुलगा म्हणजे मामांच्या आयुष्यातला एकच दुखरा कोपरा. एकुलता एक, गुणी, पण भट्टीच्या वाटेला न गेलेला. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लागला आणि दौंडात संसार मांडून बसला. मामा वरून हसायचे, पण आपल्यानंतर पात्यावर पाचवा ठिपका कोण मारणार, या काळजीने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. अशात एकदा मुलाचा फोन आला, "कंपनीत काय खरं न्हाई. रविवारी येतो, बोलायचंय." झालं. मामांना वाटलं, पोरगं परत आलं. उत्साह त्यांच्या अंगात असा संचारला, की त्यांनी त्याच दिवशी पाच ठिपक्यांचा नवा ठसा घडवला, हंगामासाठी काढलेल्या सगळ्या पात्यांवर धडाधड मारला आणि पाती तापवून, पाण्यात बुडवून कडक करून, म्हणजे पाणी देऊन मोकळे झाले. रविवारी मुलगा आला तो पेढे घेऊन. साहेबांशी वाजलं होतं, पण साहेबांचीच बदली झाली आणि याला बढती मिळाली. मामांनी पेढा तोंडात टाकला. "ग्वाड हाय," म्हणाले आणि मागे भट्टीकडे निघून गेले.

आता त्या पात्यांचं करायचं काय? पाणी दिलेल्या पात्यावरचा ठसा काही पुसता येत नाही. मूठ बसवून विकून टाका, असं मी सुचवलं, तर माझ्यावर कडाडले, "पाचव्याचा ठसा मारून चवथ्यानं विकायचं? ही लबाडी व्हईल." पाती तेलाचा हात लावून डब्यात गेली. मामा लोकांचे खिसेसुद्धा तपासेनात. ते बघून मला खरोखर भीती वाटली.

डबा उघडला तो मामांच्या सूनबाईने. तिचं माहेर न्हावऱ्याचं, वडिलांची फुलशेती, त्यामुळे लहानपणापासून हातात चाकू. सुट्टीला शिरूरला आली असताना म्हणाली, "मामा, ही पाती अशीच ठिवायची का?"

"ती पाचव्याची हायेत."

"पाचवं पोरगंच पायजे आसं कुठं हाय? आन् सून घरातलीच असती ना?"

 मामांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तिला चाकू मिटून दाखवायला लावला. त्यानंतर वर्षभर ती जमेल तसं एसटीने यायची, मूठ घासायची, पातं घट्ट धरणारी कमान बसवायची, चुकायची, पुन्हा करायची. मामांना तर आकाश ठेंगणं झालं. दौंडच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी पातं घट्ट धरून ठेवायचा व्हाइस ठोकून दिला, आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला आले तेव्हा त्यांचेच खिसे तपासले. तिचा पहिला निर्दोष चाकू तयार झाला त्या दिवशी मामांनी आम्हा सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं आणि घोडनदीच्या पुलावर नेलं. मुलाला रजा टाकायला लावली, मला व्हिडिओ काढायला लावला. रस्ताभर त्यांची बडबड चालू होती.

पुलावर आम्हाला कळलं, की पुढच्या पिढीचा चाकू तयार झाला, की मागच्याने आपला ठसा नदीत सोडायचा, ही त्यांच्या घरची रीत. त्यानंतर त्याने फक्त धार लावायची, नवा चाकू करायचा नाही. वारस शोधायच्या घाईत, आता आपला हात थांबणार, हे मामांच्या मनातच आलं नसावं. चार ठिपक्यांचा ठसा मुठीत घेऊन ते कठड्याशी उभे राहिले, आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "आजून एक हंगाम काढला असता."

"काढा की, मामा," सूनबाई म्हणाली. "मला कुठं घाई हाय."

त्यांनी मान हलवली. "न्हाई पोरी. म्होरल्या हंगामाला बी मी हेच म्हनन." आणि मूठ उघडली. मी व्हिडिओ काढत होतो, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यात नुसता पुलाचा कठडाच आला.

परत आलो तर दुकानापुढे एकजण उभा होता. "मामा, चाकू पायजे हुता एक," म्हणाला. मामा नेहमीच्या पोत्यावर जाऊन बसले, त्यांचा हात सवयीने फळीकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग ते उठले, कडेला सरकले आणि म्हणाले, "सूनबाई, ये, हितं बस. तुझं गिऱ्हाईक आलंय."