व्हय म्हणणारा बँजो

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही. सव्वीस वर्षं एकाच टेम्पोत माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या ढोलकीवाल्या बबनला नाही. मशिदीत दुवा मागतानासुद्धा नाही — वर सगळं ठाऊकच असतं म्हणतात, सांगायची गरज नसते. पण तोंडातून काढलेली गोष्ट वेगळी, नाही का? म्हणून तुला सांगतोय. तुलाच का, ते विचारू नकोस गड्या. तू मला ओळखत नाहीस, एवढं पुरे आहे.

मी दस्तगीर. कराडचा बँजोवाला. वडील कल्हईवाले, थोरला भाऊ गॅरेजवाला, आणि मी वाया गेलेला — हा वडिलांचा शब्द. बँजो म्हणजे आपला वरातीतला. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्यानं तार छेडायची. वाजायला लागला की म्हातारीकोतारीसुद्धा पाय हलवतात. पण त्याला एक खोड आहे. बटणाचा सूर टक्कन येतो आणि टक्कन जातो. माणसाचा गळा हाक मारताना, रडताना एका सुरातून दुसऱ्यात कसा घसरत जातो — ते बटणाच्या बापाला जमत नाही.

म्हणून मी एका बँजोची बटणांची पट्टीच उखडून टाकली. भावाच्या गॅरेजमधून स्कूटरच्या पिस्टनमधली पिन आणली. बोटाएवढी, पोलादी, गुळगुळीत. बटणांच्या जागी ती तारेवर ठेवायची आणि सरकवायची. स्लाइड म्हणतात त्याला. पहिल्यांदा सरकवली त्या दिवशी शेजारची चाची धावत दारात आली — तुमच्यात कोण रडतंय म्हणून.

पुढं मी बँजोला बोलायला लावलं. खरं सांगू? बँजो काही बोलत नसतो. आधी माइकवर सांगायचं, ‘आता बँजो नवरदेवाचं नाव घेणार!’ मग त्या नावाचा चढउतार तेवढा तारेवर काढायचा. बाकीचं लोकांचे कान भरून घेतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्यातलीच गत. माझा सगळ्यात भारी यायचा तो ‘व्हय’. खालून उचलायचा, वर जरा थांबवायचा, सोडून द्यायचा — साक्षात माणूस! ‘न्हाई’ मात्र आयुष्यात जमला नाही. सुरुवातीचा तो नाकातला ‘न’ पोलादातून निघतच नाही. मी काढायला गेलो की शेरडू ओरडल्यासारखं व्हायचं आणि मांडव हसायचा. मग मी त्याचा नादच सोडला. ज्याचं उत्तर ‘व्हय’ तेवढेच प्रश्न घ्यायला लागलो.

एका लग्नात नवरीचे वडील, अण्णा, वारलेले होते. कुणीतरी म्हणालं, अण्णांचा आशीर्वाद घ्या की बँजोतनं. मी घेतला. अण्णा, लेकीला आशीर्वाद हाय न्हवं? — व्हय. सगळा मांडव रडला, नवरी माझ्या पाया पडायला आली. तिथंच थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो का? छे! मला ते आवडलं. लय आवडलं. पुढं लोक मला गाण्यासाठी कमी आणि मेलेल्या माणसांसाठी जास्त बोलवायला लागले, आणि मी जात राहिलो.

बघ, अजून मी लग्नाच्या मांडवातच फिरतोय. खरी गोष्ट माणची, तिथं पोचायलाच तयार नाही.

माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं, एका गावची यात्रा होती. सकाळी पालखी झाली. चहा पिताना बबननं गावातली गोष्ट सांगितली. हौसाक्का म्हणून एक म्हातारी. तिचा थोरला, बाळू, मुंबईला कामाला. मागल्या यात्रेला गावी आला, विहिरीतली मोटर वर ओढायला गेला आणि पाय घसरून खाली. तिकडच्या विहिरी तुला माहीत असतील — पाणी गुडघाभर आणि खाली नुसता खडक. त्या वेळी तिथं एकच माणूस होतं, भाकरी घेऊन गेलेली त्याची बायको, वंदना. पोलीस येऊन गेले, अपघात म्हणून लिहून गेले. म्हातारीच्या डोक्यातून मात्र जाईना. नवराबायकोचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

म्हणजे काय विचारणार हे मला सकाळीच ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर नंतर मला ‘मी काय करणार, अचानक विचारलं’ असं म्हणता आलं असतं. तेही नाही.

भर दुपारी देवळामागच्या लिंबाखाली बसलो होतो. वीज गेलेली, स्पीकर मुका. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं. हौसाक्का आली आणि माझ्यासमोर मातीत बसली. तिला कमी ऐकू यायचं. तिनं विचारलं, हात ठेवू का? — आणि बँजोच्या लाकडावर तळवा टेकला. मागं वंदनाचा दीर, चार बायका, दहाबारा बाप्ये. जरा लांब वंदना उभी, कडेवर तीन वर्षांची पोर. राणी नाव तिचं.

‘बाळू, आलायस का रं?’

मी पिन सरकवली. व्हय.

म्हातारीनं तळवा लाकडावर आणखी दाबला. ‘सुकात हाईस न्हवं?’

व्हय.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. आणि बारीक आवाजात म्हणाली, ‘लेकरा, खरं सांग. हिनंच ढकाललं न्हवं तुला?’

मी काय वाजवणार होतो? ठरवलं नव्हतं म्हणालो तर ते खोटं होईल. व्हयच वाजवणार होतो. दुसरं येतच कुठं होतं मला? फक्त घामानं पिन निसटत होती, म्हणून हात वर उचलला आणि विजारीला पुसायला गेलो. दुसरा हात मांडीवर. तारांवर काहीच नाही, समजलं का? काहीच नाही.

आणि तार बोलली.

‘न्हाई.’

मोठ्यानं नाही. अंगणात बसलेला माणूस आतल्याला उत्तर देतो तेवढ्या आवाजात. तो ‘न’ — नाकातला, ओला, सहा वर्षं घासून मला न आलेला — इतका स्वच्छ, की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मागच्यांना नुसता सूर ऐकू आला असेल, माणसं आपसात कुजबुजत होती. पण वंदनानं मान झटकन वर केली. तिनं ऐकलं. आवाज तिच्या ओळखीचा होता.

उन्हानं तार ताणली असेल, खुंटी सरकली असेल — हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. खुंटी सरकून शब्द होत नाही.

म्हातारीला लाकडातून थरथर कळली होती, शब्द कळला नव्हता. तिनं बँजोकडं नाही, माझ्याकडं बघितलं. ‘काय म्हनला?’

आता ऐक. इथपर्यंत सगळं बँजोवर ढकलता येतं. लोकांचे कान, लोकांची मनं, माझा काय दोष? पण आता ती मला विचारत होती. माझ्या तोंडाला. आणि मी तळहात तारांवर दाबून त्या मुक्या केल्या — अजून थरथरत होत्या, कोमट लागत होत्या — आणि म्हणालो,

‘व्हय म्हनला, आक्का.’

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

का? भीतीनं, असं तुला वाटेल. भीती होतीच. पण भीतीच्या आधी जे आलं ते सांगतो, कारण तेच मी आजवर लपवलंय. मला राग आला. माझ्या बँजोवर, माझ्यासमोर, माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी वाजवून गेलं होतं. पिन नाही, हात नाही, आणि माझा न जमलेला शब्द असा सहज! मला ते सहन झालं नाही. बस्स, एवढंच. एका बाईच्या संसारापेक्षा मला तो ‘न’ मोठा वाटला.

वंदना पुढं आली. ‘यांचा हात वर हुता,’ ती म्हणाली. ‘आवं, बगा की कुनीतरी! हात वर हुता यांचा. त्यो सोता बोलला.’

‘गप बस, बया,’ कुणीतरी म्हणालं.

तिनं मला विचारलं नाही. नुसती माझ्या हाताकडं बघत राहिली. मी पिन खिशात टाकली. आमचा टेम्पो निघायच्या आत दिरानं तिची पिशवी आणून जीपमध्ये टाकली होती — माहेरी, विट्याकडं. पोर ठेवून घेतली. राणीच्या रडण्याचा आवाज गावाच्या कमानीपर्यंत येत होता. खालून वर जाणारा, मध्येच थांबणारा. माझी बोटं मांडीवर आपोआप तो चढउतार धरत होती, आणि मी ती थांबवली नाहीत.

दोन वर्षांनी फोन आला. हौसाक्का. ‘दस्तगीर, पोरगी निजंतबी आई आई करती रं. माजं मन फिरलंय. पन बाळूला इचारल्याबिगर कशी धाडू? यंदा यात्रंला ये. त्यो व्हय म्हनला की त्याच दिशी धाडते.’

ऐकलंस? व्हय. साऱ्या दुनियेत मला येणारा एकुलता एक शब्द तिला पाहिजे होता. पिन उचलायची, सरकवायची, सोडायची. पोर आईकडं गेली असती. झालं!

‘येतो आक्का,’ मी फोनवर ओरडून म्हणालो.

गेलो नाही. तारेवर पिन ठेवायच्या आत बाळू पुन्हा बोलला तर? आणि या वेळी वीज असली, स्पीकर चालू असला, अख्ख्या गावानं ऐकलं तर? अंगात ताप आहे सांगून मी घरी पांघरूण घेऊन पडलो. बबन दुसरा बँजोवाला घेऊन गेला. परत आल्यावर सांगत होता, म्हातारी पोरीला नवा फ्रॉक घालून, पिशवी भरून लिंबाखाली दिवस मावळेस्तोवर बसली होती. त्या बँजोवाल्याला तिनं काही विचारलं नाही. त्याच्या बँजोला बटणंच होती. पुढं तिचे आणखी दोन फोन आले, मी उचलले नाहीत. दिवाळीच्या आत ती गेली.

राणी आता नऊ वर्षांची. चुलत्याकडं असते, मेंढरांमागं जाते. चुलता मेलेल्यांनाही विचारत नाही आणि जित्यांनाही. वंदना विट्यात एका केटररकडं चपात्या लाटते.

स्लाइडचा बँजो मी ट्रंकेत घातलाय. तारा काढून गुंडाळून वेगळ्या ठेवल्यात. तरी त्या खोलीत नातवंडं एकमेकांना काही विचारायला लागली की मी त्यांना बाहेर हाकलतो. म्हातारा खुळावलाय, म्हणतात.

विटा इथून तासाभराची वाट. दहिवडीची एसटी रोज सुटते. तोंडानं सांगायला बँजो लागत नाही.

शुक्रवारी मशिदीत दुवा मागायला सगळ्यांबरोबर हात वर करतो, आणि तिचा आवाज येतो — यांचा हात वर हुता. मग मी हात खाली घेतो आणि घरी येऊन जेवतो.