चढाची कमान

गल्लीने तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरंच. एका पायाच्या बुटक्या स्टुलावर बसलेली, डोक्याला रुमाल, हातात हातोडी. संध्याकाळी ती उठून वळली तेव्हा पाववाल्या मावशी म्हणाल्या, "अगंबाई, ही तर बाई आहे!"

"सकाळपासून बाईच होते," ती म्हणाली आणि पाव मागितला.

रस्त्यात दगड बसवण्याचं काम तिला वडिलांनी शिकवलं. ते थकले तेव्हा त्यांनी टोळीचं मुकादमपण तिच्याकडे दिलं, धाकट्या भावाकडे नाही. "बहिणीच्या हाताखाली मी राबायचा नाही," असं म्हणून भाऊ डांबराच्या कामावर गेला आणि त्याने बोलणंच टाकलं. तिने मनधरणी करून पाहिली. तो हूं की चूं करेना. घरात एवढीच एक खंत होती, पण रोज जेवायला बसलं की तीच आठवायची.

मग ही चढाची गल्ली उखडून पुन्हा बसवायची निघाली. काम घाईचं, म्हणून दोन टोळ्या लागल्या. खालून तिची. वरून भावाची, डांबराच्या वासाला विटून तो दगडाकडे परत आला होता.

जुना दगड ती उचलायची, उलटा करायची आणि मावशींना दाखवायची. वरचं अंग चाकांनी आणि टाचांनी गुळगुळीत झालेलं, खालचं मात्र कोरं करकरीत. "इतकी वर्षं हे अंग पालथं झोपलं होतं. आता याची पाळी." दगड लहान का, तर घोड्यांच्या खुरांना फटींचा आधार मिळावा म्हणून. घोडे गेले, फटी राहिल्या. त्यांतल्या वाळूत पाणी मुरतं. आणि खचला तर तोच दगड काढून पुन्हा बसवता येतो, याचं तिला फार अप्रूप.

भावाशी बोलणं मावशींमार्फत चाले.

"मावशी, त्याला सांगा, वाळू ओली आहे."

"मावशी, तिला सांगा, मला डोळे आहेत."

गल्ली मावशींच्या बेकरीपाशी वळते. एका सकाळी ती काम करत वळणावर आली, वर पाहिलं आणि जागीच थबकली. चढावर दगड कमानीत, म्हणजे धनुष्यासारख्या वाकलेल्या ओळीत बसवतात आणि कमानीचा फुगवटा नेहमी वरच्या अंगाला ठेवतात. मग वजन आलं की दगड एकमेकांना घट्ट धरतात. नाहीतर हळूहळू खाली सरकतात. भाऊ आजवर खालूनच वर बसवत गेलेला. आता वरून खाली येताना हाताने फुगवटा पुढे ठेवायची जुनीच सवय चालवली होती, आणि त्याच्या साऱ्या कमानी तोंडघशी पडल्या होत्या.

"मुकादम, वर तुमच्या भावाला कळवा," तिचा गडी म्हणाला.

"गप बस."

कळवलं असतं तर भाऊ कायमचा गेला असता. ती मुकाट्याने दगड ठोकत राहिली. दुपारी त्याची शेवटची कमान तिच्या कमानीला येऊन भिडली, फुगवट्याला फुगवटा. त्याची हातोडी हवेतच राहिली. कान लालबुंद झाले.

"मावशी, तिला सांगा..."

"माझे पाव करपतायत," मावशी आतून ओरडल्या. "तुझं तोंड काय भाड्याने दिलंयस?"

सारी गल्ली कान टवकारून उभी. तो खाली बघत पुटपुटला, "ताई, माझं उलटं झालं गं."

तिला इतकं हसू फुटलं की स्टूल कलंडलं आणि ती वाळूत बसली. तिला उठवता उठवता तोही हसायला लागला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

"छे! तडक डांबरात."

तिने स्टूल काखोटीला मारलं आणि चढ चढून वर गेली. दोन्ही टोळ्यांनी मिळून भावाचं सगळं काम उखडून सुलटं बसवलं. कुरकुर झाली, मावशींनी धुळीबद्दल सगळ्यांना फैलावर घेतलं आणि मग गरम पावही वाटले. "दोरी डावीकडे घे," ती म्हणाली की तो "हो ताई" म्हणून मोकळा होई.

आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. ती दगड निवडते, बसवतो भाऊ, आणि दुपारी दोघं एकाच डब्यात जेवतात.