उशाशी कांदा

बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला की मला साखरा गावातलं आमचं अंगण आठवतं. मला सातवा महिना होता. उकडलेली हळद उन्हात पसरली होती आणि मी ती हातानं हलवत होते, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली, केसांत माती आणि नाकाशी सासूबाईंनी धरलेला फोडलेला कांदा. मला लहानपणापासून फिट येतात. मूल हवं म्हणून आम्ही नांदेडच्या डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. त्यांनी गोळी बदलून दिली आणि बजावलं, "दिवस गेले तरी मनानं बंद करायची नाही." फिट आली त्याच्या आदल्या दिवसापासून गोळ्या सापडत नव्हत्या, नवरा हिंगोलीहून नव्या आणणार होता. "म्याच फेकल्या माय," सासूबाई म्हणाल्या, "गोळ्यांची गरमी लेकराला बाधती." "आन् मी पोटावर पडले असते तर, आत्याबाई? ते लेकराला चाललं असतं?" मी ओरडले. "कांदा हाय की घरात," त्या शांतपणे म्हणाल्या. दवाखान्यात बाळाचे ठोके ठीक निघाले, गोळ्या सुरू झाल्या. पुढं अंगावर पाजतानाही डॉक्टरांना विचारूनच घेत होते, तरी वाद तोच. आता पोरगी शाळेत जाते. मी रोज सासूबाईंच्या डोळ्यांसमोर गोळी गिळते, त्या रोज माझ्या उशाशी कांदा ठेवतात. त्या दिवसानंतर मला एकदाही फिट आली नाही, हे त्या गावभर सांगतात. कशामुळे, तेही त्याच सांगतात.