अनुपमा गोळीची पाठवणी

बीबी गावच्या आठवडी बाजारात कुणी नुसती गोळी मागत नाही, 'अनुपमा दे' म्हणतात. अठरा वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या रंगरावांनी संत्र्याच्या फोडीसारखी गोळी काढली, तेव्हा खामगावच्या छापखानेवाल्यानं विचारलं, कागदावर चित्र कशाचं घालू? मोर, कमळ, वाघ, सगळं त्याच्याकडे तयार होतं. रंगराव मुलखाचे अडेल. म्हणाले, "पोट्टी काढ. सहा वर्साची, दोन येण्या, लाल फिती, समोरचा एक दात पडलेला. खाली नाव घाल, अनुपमा."

रंगराव-रुक्मिणीबाईंना मूलबाळ नव्हतं. गावानं त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं, माझ्या आईनंही. कागदावर अनुपमा छापून आली आणि गाव गप्प झालं.

दुपारी दोघं ओसरीवर बसून मेणकागदात गोळ्या गुंडाळायचे, दोन्ही टोकांना पीळ द्यायचे आणि दरसाल तिचं वय वाढवत बोलत राहायचे. मी शेजारी, माझे कान लांब.

"औंदा दहावीले असती."

"अन् गणितात कच्ची असती, तुमच्यावानी!"

मग रुक्मिणीबाई एखादा कागद गुडघ्यावर सपाट करून बघत बसायच्या. ऊन भिंतीवर चढायचं, पाकाचा गोड वास अंगणात रेंगाळायचा. मलाही वाटायचं, आत्ता ही पोरगी दप्तर फेकून पाणी मागेल. हसू नका, एकदा मी तांब्या भरूनही ठेवला होता.

यंदा चिखलीच्या ठोक व्यापाऱ्यानं निरोप धाडला. मेणकागद बंद करा, मशीनची चमकी पाकिटं घ्या, वर फक्त संत्रं. नाहीतर माल उचलणार नाही. रंगरावांनी तीन दिवस भट्टी पेटवली नाही. म्हटलं, म्हातारा आता धंदा बुडवतो. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

चौथ्या दिवशी रुक्मिणीबाईच म्हणाल्या, "चोवीसची झाली. लग्नाची पोट्टी घरात किती दिस ठेवसान?"

रंगरावांनी उठून भट्टीत लाकडं सारली.

उरल्यासुरल्या सगळ्या कागदांत गोळ्या बांधून झाल्या. बाजाराच्या दिवशी दोघांनी सूप भरून आणलं, शेजारी हळदीकुंकवाचा करंडा. पाठवणीच्या गोळ्या, फुकट. बाया हसतील असं मला वाटलं होतं. पण पहिलीनं गोळी पदरात घेतली, कागदावरच्या पोरीला बोटभर कुंकू लावलं आणि डोळे पुसत बाजूला झाली. मग रांगच लागली.

सूप रिकामं झाल्यावर सुलतानपूरची एक म्हातारी आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हळदकुंकू दिसलं, बाया रडताना दिसल्या, तेव्हा रीतीप्रमाणे तिनं विचारलं, "काहो, पोट्टी कोठी देली?"

"चिखलीले देली, मेहकरले देली, लोणारले देली," रंगराव म्हणाले. "जिथी जिथी बाजार भरते, तिथी."

एवढं बोलले आणि भर बाजारात, उपरण्यात तोंड खुपसून, मुलीचा बाप रडतो तसे रडले.