आधी समोरच्याचं सांग

अनया, निखिल, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, दिवाणखान्यातल्या फोटोत परदेशी पाहुण्यांमध्ये उभे असलेले उंच गृहस्थ कोण. ते माझे सासरे, तुमचे पणजोबा. त्यांना बोलताना ऐकलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

तात्यासाहेब आधी न्यायाधीश होते, मग खासदार झाले. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर दोन देशांच्या सीमेचा तंटा मिटवायला सरकारने त्यांना परदेशी पाठवले. मारेगावकडच्या आमच्या घरात मात्र त्यांची एकच रीत होती. भांडण घेऊन कुणीही येवो, ते म्हणत, "आधी समोरच्याचं सांग. तुझं मग ऐकतो." जावेशी माझी कुरबूर झाली की मला तिची बाजू मांडावी लागे. मांडता मांडता निम्मा राग उतरायचा.

ही रीत त्यांच्या थोरल्या भावापुढे, दादाजींपुढे, हरली. दादाजींच्या कपाशीच्या वावरातून तांड्यावरच्या बंजाऱ्यांच्या बैलबंड्या जात. एका वर्षी दादाजींनी त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. तांड्याचे नाईक, म्हणजे त्यांचे प्रमुख, आमच्या ओसरीवर आले आणि रीतीप्रमाणे आधी दादाजींचेच बोलले, "चाकानं पऱ्हाटी मोडते त्याहीची, साहेब. नुकसान तर होतेच."

तात्यासाहेब शेजारी बसलेल्या भावाकडे वळले, "आता तू नायकाचं सांग, दादा."

"मी काहून सांगू? वावर माह्यं हाय. साऱ्या दुनियेचा न्याय करून राह्यला तू, सख्ख्या भावाचा तेवढा होत नाही तुह्याच्यानं."

दादाजी उठून गेले. मी म्हटले, तुम्ही एक शब्द टाकलात तर तहसीलदार काट्या उचलायला लावतील.

"वाट मोकळी होईल, सूनबाई. दादा तिथंच अडकून राहील."

मग ते परदेशी गेले. तिकडे करार झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. ते परतले ते आजार घेऊनच. खाटेवरून रोज विचारत, "दादा आला काय?" शेवटच्या सकाळीही विचारले. मी "येतील" म्हटले.

दादाजी आले ते सारे आटोपल्यावर. ओसरीवरची खाट उचललेली होती. नाईक भिंतीला टेकून बसले होते. दादाजी त्या रिकाम्या जागेसमोर बसले आणि म्हणाले, "तांड्यावाल्याइले दुसरी वाट नाही. पावसात नाल्यातून बंडी निघत नाही. बाया डोक्यावर ओझे आणतात." मग नायकांकडे वळले. "बरोबर सांगून राह्यलो ना?"

"बरोबर हाय, पाटील."

दादाजी पुन्हा त्या जागेकडे पाहत राहिले. "मंग आता माह्यं कोण ऐकते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः काट्या काढल्या. ती वाट अजून आहे. आता तिथून ट्रॅक्टर जातात.